व्हर्च्युअल ऑर्केस्ट्राला सभागृहात बसवताना

सॅम्पल लायब्ररीतला, म्हणजे वाद्यांच्या ध्वनिमुद्रित सुरांच्या संग्रहातून संगणकावर उभा केलेला ऑर्केस्ट्रा खोटा वाटला की बहुतेक जण रिव्हर्ब, म्हणजे खोलीत घुमणारा आवाज, वाढवतात. त्याने आवाज गढूळ होतो, पण वाद्यं काही मागे जात नाहीत. खऱ्या सभागृहात मागच्या वाद्याला जास्त रिव्हर्ब मिळतच नाही. पहिल्या रांगेतलं व्हायोलिन असो की शेवटच्या रांगेतली टिंपनी, दोघांनी सारखीच ऊर्जा सोडली तर भिंती-छतावरून घुमून येणाऱ्या आवाजाची पातळी दोघांसाठी जवळपास एकच राहते. बदलतो तो थेट येणारा आवाज. अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने पडतो. म्हणून वाद्य मागे न्यायचं असेल तर त्याचा ड्राय (थेट) आवाज कमी करायचा आणि वेट (घुमलेला) जागेवर ठेवायचा. माझं टेम्प्लेट, म्हणजे दर वेळी वापरायचा तयार सांगाडा, याच तत्त्वावर उभं आहे. ते कोऱ्या सेशनपासून कसं बांधते, त्याचा क्रम आणि आकडे पुढे आहेत.

रिव्हर्बला हात लावण्याआधी लायब्ररींची वाटणी करावी लागते, कारण प्रत्येक लायब्ररीत खोली आधीच कमी-जास्त मुरलेली असते. सॅम्पल मॉडेलिंगचं ब्रास, ऑडिओ मॉडेलिंगची स्वॅम वाद्यं, व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररीचे सायलेंट स्टेजवरचे जुने संच हे कोरडे किंवा जवळजवळ कोरडे. लंडनच्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये, बर्लिनच्या टेलडेक्समध्ये किंवा व्हिएन्नाच्या सिंक्रॉन स्टेजवर ध्वनिमुद्रित झालेल्या लायब्ररी ओल्या. छोट्या स्टुडिओत केलेल्या लायब्ररी या दोन्हींच्या मधल्या, आणि खरा त्रास त्याच देतात. त्यांच्यात टेल (रिव्हर्बचं हळूहळू विरणारं शेपूट) जेमतेम असते, पण लहान खोलीची सुरुवातीची परावर्तनं (भिंतींवरून सर्वांत आधी परतणारे आवाज) ठसठशीत असतात आणि ती काढता येत नाहीत.

जाहिरातीतल्या वर्णनापेक्षा मोजमाप बरं. प्रत्येक पॅचवर (लायब्ररीतल्या एकेका वाद्याच्या आवाजावर) एक छोटा, जोरकस स्टॅकॅटो सूर वाजवून तो ऑडिओत उतरवते आणि डेसिबलच्या मापावर वेव्हफॉर्म बघते. सूर थांबल्यानंतर आवाज ५ डेसिबल पडल्यापासून २५ डेसिबल पडेपर्यंत किती वेळ गेला ते मोजायचं आणि त्याला ३ ने गुणायचं. हा झाला त्या पॅचचा अंदाजे घुमण्याचा काळ. पूर्ण ६० डेसिबल मोजायला जाऊ नये. त्याच्या आधीच सॅम्पलमधला सूं-सूं आवाज आडवा येतो किंवा सॅम्पल कापलेलं असतं. ही चाचणी सस्टेन (लांब सुरांच्या) पॅचवर घेऊ नका. तिथली रिलीज (सुराचा शेवट) अनेकदा नुसत्या एन्व्हलपने (पातळी ठरावीक उताराने खाली आणून) बनवलेली असते आणि खोली आहे त्याहून लहान दिसते.

आता सभागृह ठरवायचं. प्लगइनमधलं ‘लार्ज हॉल’ नाव बघून नव्हे, आकड्यांवरून. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनचा मोठा हॉल १८७० मध्ये उघडला. रुंदी सुमारे १९ मीटर, उंची १८ मीटरच्या आसपास, आकारमान साधारण १५,००० घनमीटर, आणि श्रोते बसलेले असताना मध्यम स्वरांचा घुमण्याचा काळ सुमारे २ सेकंद. ध्वनिशास्त्रज्ञ वॉलेस सबीनच्या सल्ल्याने बांधलेला, १९०० मध्ये उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल आकाराने थोडा मोठा, तरी तिथेही हा काळ १.९ सेकंदांच्या जवळपास. यावरून एक पट्टा हाती लागतो: सिंफनीसाठी १.८ ते २.२ सेकंद. तीन-साडेतीन सेकंदांचे प्रीसेट कॅथीड्रलला शोभतात. त्यांत ऑर्केस्ट्रा घातला की हार्मनी एकमेकींवर सांडते.

इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे खऱ्या हॉलच्या घुमण्याचं ध्वनिमुद्रित मोजमाप, वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही मोजमापं साधारणपणे रिकाम्या हॉलमध्ये केलेली असतात आणि श्रोते हे सभागृहातलं सर्वांत मोठं शोषक द्रव्य. म्युझिकफेराइन रिकामा असताना तोच काळ ३ सेकंदांपर्यंत जातो. म्हणून इम्पल्स रिस्पॉन्स जसाच्या तसा न वापरता प्लगइनच्या डीके एन्व्हलपने तो दोन-तृतीयांशाच्या आसपास आणते. टेलचा शेवट नुसता कापून चालत नाही. उतारच तीव्र करावा लागतो, नाहीतर शेवटी दार आपटल्यासारखा आवाज तुटतो.

आता अंतरं. ज्या अंतरावर थेट आवाज आणि घुमलेला आवाज समसमान होतात त्याला क्रिटिकल डिस्टन्स म्हणतात. सगळीकडे सारखा आवाज फेकणाऱ्या वाद्यासाठी त्याचं सूत्र सोपं आहे: आकारमानाला घुमण्याच्या काळाने भागायचं, वर्गमूळ काढायचं आणि ०.०५७ ने गुणायचं. १५,००० घनमीटर आणि २ सेकंद घेतले तर उत्तर येतं सुमारे ५ मीटर. कंडक्टरच्या जागेवरून मोजलं तर पुढच्या स्ट्रिंग्ज ३ मीटरवर, वुडविंड ७, ब्रास १० आणि टिंपनी १२ मीटरवर धरता येते. म्हणजे स्ट्रिंग्जचा थेट आवाज घुमलेल्या आवाजापेक्षा ४ डेसिबलहून थोडा वर राहतो, वुडविंडचा ३ डेसिबल खाली जातो, ब्रासचा ६ आणि टिंपनीचा साडेसात डेसिबल खाली. वुडविंडपासूनच रिव्हर्बचं पारडं जड होतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. पण चांगल्या ध्वनिमुद्रणात ओबो ज्या हवेत तरंगतो ती हीच.

फेडरच्या (चॅनलच्या आवाजाच्या सरकपट्टीच्या) भाषेत हे गणित असं उतरतं: स्ट्रिंग्जचा ड्राय शून्यावर, वुडविंडचा उणे ७, ब्रासचा उणे १०, टिंपनीचा उणे १२, आणि रिव्हर्बचे सेंड (वाद्याचा आवाज रिव्हर्बकडे नेणाऱ्या वाटा) सगळ्यांचे एकसारखे. प्रत्यक्षात हे आकडे निम्मे करून सुरुवात करते, म्हणजे ३.५, ५ आणि ६. आपल्या कानात बसलेलं ऑर्केस्ट्राचं चित्र ध्वनिमुद्रणांतून आलेलं असतं. ध्वनिमुद्रणात कंडक्टरच्या डोक्यावर, मंचापासून सुमारे ३ मीटर उंचीवर टांगलेल्या डेका ट्रीच्या (तीन मुख्य माइकांच्या मांडणीच्या) जोडीला वुडविंडसमोर आणि टिंपनीजवळही माइक असतात. शिवाय ट्रम्पेट-ट्रॉम्बोन आवाज सगळीकडे सारखा फेकत नाहीत. त्यांचे वरचे स्वर समोर एकवटून येतात, म्हणून १० मीटरवरूनही ते जवळचे भासतात.

हे जमायला सेंड प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधी निघणारे, हवेत. डीएडब्ल्यूमध्ये (ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) सेंड सहसा पोस्ट-फेडर येतो, म्हणजे फेडर खाली ओढला की रिव्हर्बही खाली जातं आणि वाद्य दूर न जाता फक्त बारीक होतं. पण प्री-फेडरचा एक धोका आहे. संगीताच्या समतोलासाठी तोच फेडर ऑटोमेट केला तर वाद्य गप्प होतं आणि त्याचं भूत रिव्हर्बमध्ये फिरत राहतं. उपाय म्हणून कामं वाटून देते. जोर आणि समतोल मॉड्युलेशन, एक्स्प्रेशन (सुरांचा जोर हलवणारे मिडी कंट्रोल) आणि चॅनलच्या सुरुवातीच्या गेन ट्रिमने साधायचा. तो सेंडच्या आधी येत असल्याने ड्राय आणि वेट दोन्ही सोबत हलतात. फेडर फक्त अंतरासाठी. एकदा लावला की त्याला हात नाही. टेम्प्लेटमध्ये तो कुलूपबंद करता आला तर उत्तम.

दूरच्या वाद्यांचे ट्रॅक उशिरा वाजवावेत का, हा नेहमीचा प्रश्न. ३ आणि १२ मीटरमधला फरक २६ मिलिसेकंदांचा भरतो. मी उशीर देत नाही. मागचे वादक तो फरक ओळखून थोडं आधी वाजवायला शिकलेले असतात, आणि लायब्ररींच्या लेगाटोला (जोडून वाजणाऱ्या सुरांना) स्वतःचाच इतका उशीर असतो की हे २६ मिलिसेकंद त्यात हरवून जातात.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो सुरुवातीच्या परावर्तनांना. टेल सांगते हॉल केवढा आहे. वाद्य त्यात कुठे बसलंय हे पहिल्या ८० मिलिसेकंदांत कळतं. तरीही अनेक मॉकअपमध्ये (संगणकावर बनवलेल्या ऑर्केस्ट्राच्या नमुन्यांत) सगळ्या ट्रॅकना एकच रिव्हर्ब एकाच सेटिंगने दिलेलं असतं आणि साठ वादक एकाच खुर्चीवर बसल्यासारखे ऐकू येतात.

इथे प्री-डिलेचं (थेट आवाजानंतर रिव्हर्ब सुरू होईपर्यंतच्या उशिराचं) गणित बऱ्याच जणांच्या समजुतीच्या उलट आहे. मागच्या वाद्याला मोठा प्री-डिले द्यावा असं वाटतं, पण त्याला लहान लागतो. मंचामागची भिंत कंडक्टरपासून १५ मीटरवर आहे असं धरा. ३ मीटरवरच्या व्हायोलिनचा आवाज त्या भिंतीपर्यंत १२ मीटर जातो आणि १५ मीटर परत येतो, एकूण २७ मीटर. थेट आवाजापेक्षा २४ मीटर जास्त, म्हणजे ७० मिलिसेकंद उशीर. १२ मीटरवरच्या टिंपनीचा आवाज ३ मीटर मागे आणि १५ मीटर परत, एकूण १८. फरक ६ मीटरचा, म्हणजे जेमतेम १७ मिलिसेकंद. बाजूच्या भिंतींचंही तसंच. १९ मीटर रुंद हॉलच्या मधोमध ३ मीटरवर असलेल्या वाद्याचं परावर्तन ४७ मिलिसेकंदांनी येतं, १२ मीटरवरच्याचं ३१ ने. जवळच्या वाद्याचा थेट आवाज आधी पोहोचतो आणि खोली मागाहून. दूरच्या वाद्यासोबत खोली जवळजवळ लगेच येते.

म्हणून परावर्तनांच्या चार बस (अनेक ट्रॅक एकत्र येतात असे चॅनल) करते: स्ट्रिंग्ज, वुडविंड, ब्रास, तालवाद्यं. चारही बसवर एकच प्लगइन आणि खोलीचा आकारही एकच. आकार वेगवेगळे ठेवले की चार खोल्या ऐकू येतात. बदलायची ती फक्त वाद्याची जागा, आणि ती सोय नसेल तर प्री-डिले: स्ट्रिंग्जना ३० ते ३५ मिलिसेकंद, वुडविंडना २२ ते २५, ब्रासला १५ ते १८, तालवाद्यांना १० ते १२. हे भौमितिक आकड्यांपेक्षा कमी आहेत, कारण जमीन, स्टँड आणि शेजारचे वादक यांच्यावरूनही काही परावर्तनं लवकर येतात.

आकडे टाकण्याआधी प्लगइनमध्ये एक कोरडा क्लिक पाठवून वेट आउटपुट उतरवून बघा. अनेक प्लगइनच्या परावर्तनांमध्ये खोलीच्या आकाराप्रमाणे आतूनच उशीर असतो. प्री-डिले शून्य दिसत असला तरी पहिला टप्पा १२-१५ मिलिसेकंदांवर पडलेला सापडतो. तो वजा करूनच स्वतःचा आकडा द्यायचा. याच चाचणीत टप्पे किती विरळ आहेत तेही दिसतं. मोजून पाच-सहा काठ्या उभ्या दिसल्या तर पिझिकाटोवर (बोटाने तार छेडलेल्या सुरांवर) ‘टक-टक’ ऐकू येणारच. डिफ्युजन वाढवून त्या पसरवायच्या. खऱ्या मंचावर माणसं, खुर्च्या आणि वाद्यं हेच काम करत असतात.

सगळ्या परावर्तन-बसच्या सेंडची पातळी सारखीच ठेवते. परावर्तनाचा प्रवास १९ मीटरचा असो की साडेबावीसचा, फरक दीड डेसिबलच्याही आत राहतो.

फ्रेंच हॉर्न मात्र या नियमांत बसत नाही. त्याची घंटा मागे तोंड करून असते, त्यामुळे श्रोत्याला मिळतो तो मुख्यतः मागच्या भिंतीवरून आणि बाजूंनी परतलेला आवाज. हॉर्नचा ड्राय ब्रासच्या इतर वाद्यांपेक्षा आणखी ३-४ डेसिबल खाली ओढते, परावर्तनांचा सेंड २ डेसिबल वर नेते आणि ड्रायमध्ये ४ किलोहर्ट्झच्या वर हलका शेल्फ कट देते, म्हणजे त्यावरचे सगळे स्वर थोडे उतरवते. कोरड्या लायब्ररीतला हॉर्न यानंतर पहिल्यांदा हॉर्नसारखा वाटतो. त्याआधी तो सौम्य ट्रॉम्बोन असतो.

पॅनिंगबद्दल, म्हणजे आवाज डावीकडे-उजवीकडे बसवण्याबद्दल, थोडक्यात. ओल्या लायब्ररी वादकांना त्यांच्या जागेवर बसवूनच ध्वनिमुद्रित केलेल्या असतात, त्यांना पुन्हा पॅन करू नये. दोनदा पॅन झालेल्या पहिल्या व्हायोलिनचा रिव्हर्बही डावीकडे ओढला जातो आणि उजवी भिंत नाहीशी होते. कोरड्या मोनो वाद्यांसाठी ड्राय भाग नुसत्या पातळीने पॅन करते, अगदी कडेला न नेता. डेका ट्रीच्या डाव्या-उजव्या माइकमध्ये सुमारे २ मीटर अंतर असतं आणि ४५ अंशांवरच्या वाद्याचा आवाज दूरच्या माइकला ४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तसा उशीर ड्रायवरच देण्याची पद्धत आहे. हेडफोनवर ती फार सुंदर लागते, पण मोनोत (दोन्ही बाजू एकत्र केल्यावर) तिचा कंगवा होतो, म्हणजे ठरावीक अंतरावरचे स्वर गळतात: ३ मिलिसेकंदांच्या फरकाला पहिला खड्डा १६७ हर्ट्झच्या आसपास, पुढचा ५०० वर, आणि असेच पुढे. म्हणून वेळेचा फरक परावर्तनांवर सोपवते. ३ मीटर डावीकडे बसलेल्या व्हायोलिनचा आवाज डाव्या भिंतीवरून सुमारे ३६ मिलिसेकंदांनी येतो आणि उजव्या भिंतीवरून ५४ ने. परावर्तनांच्या प्लगइनने पॅन ओळखून ही विषमता द्यायला हवी.

ती मिळते की नाही, हे कॉन्व्होल्युशन (इम्पल्स रिस्पॉन्सवर चालणारं रिव्हर्ब) वापरताना जरूर तपासावं. ट्रू-स्टिरिओ इम्पल्स रिस्पॉन्समध्ये चार वाटा असतात: डाव्यातून डावीकडे, डाव्यातून उजवीकडे, उजव्यातून डावीकडे आणि उजव्यातून उजवीकडे. नुसती दोन चॅनलची फाइल असेल तर एकतर डावं-उजवं मिसळून मोनो होतं आणि जागा हरवते, किंवा डावीकडचं वाद्य फक्त डावीकडेच घुमतं. सभागृहात यांपैकी काहीच घडत नाही. दुसरी अडचण फाइलच्या सुरुवातीला. अनेक इम्पल्स रिस्पॉन्समध्ये थेट आवाजाचा टोकदार उंचवटा तसाच असतो. सेंडवर वापरताना वाद्याचा स्वतःचा ड्राय आणि हा उंचवटा एकत्र येऊन आवाज डब्यात गेल्यासारखा होतो. तो उंचवटा कापायचा, पण त्यानंतरची पोकळी ठेवायची. तिसरी अडचण सॅम्पल रेटची. ४८ किलोहर्ट्झची फाइल ४४.१ च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न होता वाचली गेली, तर खोली जवळपास ९ टक्के लांबते आणि तिचे अनुनाद तितकेच खाली सरकतात. बरेच प्लगइन रूपांतर आपोआप करतात, सगळे नाही.

टेलसाठी माझी पसंती अल्गोरिदमिक (गणिताने घुमणं तयार करणाऱ्या) रिव्हर्बला, परावर्तनांसाठी कॉन्व्होल्युशनला. इम्पल्स रिस्पॉन्स हा एका क्षणाचा फोटो. पहिल्या ८० मिलिसेकंदांत तो अचूकपणामुळे जिंकतो, पण लांब टेलमध्ये त्याचा स्थिरपणा कानाला कळू लागतो, विशेषतः एकच स्पिकाटो सॅम्पल वारंवार येत असेल तेव्हा. अल्गोरिदमिक टेलमध्ये किंचित मॉड्युलेशन (सतत होणारी बारीक हालचाल) असतं आणि ती जिवंत राहते. मात्र मॉड्युलेशन अगदी कमी ठेवायचं. ओबोचा लांब सूर संपल्यावर टेल लहरताना ऐकू आली की ते जास्त झालं. पियानो, चेलेस्टा, व्हायब्राफोन आणि हार्प यांच्यासाठी तर ते शून्यच असावं. खिशात पैसे नसतील तरी अडत नाही. ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब मुक्त आणि मोफत आहे, त्यात परावर्तनांचा वेगळा प्लगइनही आहे. यॉर्क विद्यापीठाच्या ओपनएअर संग्रहात खऱ्या जागांचे इम्पल्स रिस्पॉन्स मिळतात.

टेल सगळ्या ऑर्केस्ट्राला एकच. तिला ड्राय वाद्यांकडून सेंड जातोच, शिवाय चारही परावर्तन-बसमधूनही थोडा सेंड जातो, साधारण ६ ते ८ डेसिबल खाली. त्यामुळे परावर्तनं आणि टेल यांच्यातला सांधा बुजतो. टेलची सुरुवात ५० ते ८० मिलिसेकंदांच्या आसपास व्हावी, म्हणजे परावर्तनांचं बोलणं मध्येच तोडल्यासारखं होत नाही. टेलसाठी कॉन्व्होल्युशनच वापरायचं असेल तर फाइलचे पहिले ६०-८० मिलिसेकंद कापून छोटा फेड-इन द्यायचा.

टेलचा रंग हा हवेचा हिशोब आहे. २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत हवा १० किलोहर्ट्झचा आवाज मीटरमागे सुमारे ०.१६ डेसिबल खाते, ४ किलोहर्ट्झचा ०.०३. थेट आवाजाच्या बाबतीत हे नगण्य आहे. १२ मीटरवरून येणाऱ्या टिंपनीचे १० किलोहर्ट्झ फक्त २ डेसिबलने कमी होतात. दूरची वाद्यं दाखवायला ड्रायचे वरचे स्वर ८-१० डेसिबलने उडवणारे इक्यू म्हणूनच ब्लँकेट पांघरल्यासारखे वाटतात. दीड-दोन डेसिबलचा शेल्फ पुरतो. टेलमधला आवाज मात्र सेकंदाला ३४३ मीटर धावतो. तेवढ्यात १० किलोहर्ट्झ ५५ डेसिबल गमावतो आणि ४ किलोहर्ट्झ १०. मध्यम स्वर २ सेकंद घुमत असतील तर ४ किलोहर्ट्झ दीड सेकंद आणि १० किलोहर्ट्झ सेकंदाच्या पाऊण भागाइतकाच घुमायला हवा. डॅम्पिंग (वरचे स्वर लवकर विझवणारं सेटिंग) या आकड्यांवर लावलं की टेल आपोआप गडद होत जाते आणि सुरुवातीची चमक शाबूत राहते. टेलच्या रिटर्नवर (रिव्हर्बमधून परतणाऱ्या आवाजावर) सरसकट लो-पास लावल्याने पहिल्या क्षणापासूनच वरचे स्वर जातात. दोन्हींतला फरक झांजेच्या एका ठोक्यावर लगेच कळतो.

खालच्या बाजूला २५० हर्ट्झच्या खाली घुमण्याचा काळ मध्यम स्वरांच्या १.१ ते १.२ पट. ऑर्केस्ट्राची ऊब तिथे असते. सेंडवर ८० हर्ट्झचा हलका हाय-पास (त्याखालचे स्वर उतरवणारा फिल्टर), ऑक्टेव्हमागे १२ डेसिबलचा. रिटर्नवर २५० ते ३५० हर्ट्झमध्ये गरजेप्रमाणे २-३ डेसिबलचा रुंद कट. कोरड्या लायब्ररींचे चेलो आणि हॉर्न इथेच साचतात. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओच्या नावाने ओळखली जाणारी, रिव्हर्बच्या सेंडवर ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापायची युक्ती गाण्यातल्या आवाजासाठी झकास आहे. ऑर्केस्ट्रावर लावली की चेलोंच्या पाठीमागची भिंत गायब होते.

जलद भाग आला की लोक टेल आखूड करतात. गणित करून बघा. १४० च्या लयीत सोळाव्या भागाचा एक सूर १०७ मिलिसेकंदांचा. २ सेकंदांची टेल तेवढ्या वेळात ३.२ डेसिबल उतरते, दीड सेकंदाची ४.३. सगळा लाभ एका डेसिबलचा, आणि तुकड्याच्या शेवटी मोकळ्या जागेत हॉल अचानक लहान झालेला ऐकू येतो. स्वर स्पष्ट हवे असतील तर टेलचा काळ तसाच ठेवून तिची पातळी २ डेसिबल खाली आणा. चालू संगीतात कान टेलचा पहिला १० डेसिबलचा उतारच ऐकतो. पूर्ण २ सेकंद कळतात ते फक्त सगळे थांबतात तेव्हा.

ओल्या लायब्ररी या मांडणीत बसवताना दोन पथ्यं. परावर्तनांच्या बसला त्यांना पाठवायचं नाही, कारण त्यांच्या खोलीची परावर्तनं त्यांच्यासोबत आलेलीच आहेत. दुसरी खोली त्यावर चढवली की आवाज बोगद्यातून आल्यासारखा होतो. फक्त टेल द्यायची, कोरड्यांपेक्षा ५-६ डेसिबल कमी. लायब्ररीची स्वतःची टेल १.२ सेकंदांची असेल तर आपली टेल तिच्या शेपटातून हळूच वर येते. क्लोज माइक (वाद्याच्या अगदी जवळचे) वाढवून लायब्ररी ‘कोरडी’ करायचा मोह होतो. क्लोज माइकमध्येही खोली असतेच, आणि ते ट्रीपेक्षा जितके मीटर जवळ तितके ३-३ मिलिसेकंद आधी बोलतात. काही लायब्ररींत ही वेळ जुळवलेली असते, काहींत नसते. दोन्ही माइक सारख्या पातळीवर मिसळताना आवाज पोकळ झाला तर कारण तेच. एक ठळक आणि दुसरा किमान ८-१० डेसिबल खाली ठेवला की पोकळपणा जातो.

तपासणीला संगीत नको, लाकडी ठोका हवा. प्रत्येक गटाच्या चॅनलवर क्लेव्हजचा एकेक ठोका ठेवून चारही गट एकामागून एक वाजवते. डोळे मिटून ठोके पुढून मागे सरकत गेल्यासारखे वाटले तर अंतरं जमली. नंतर ड्राय बंद करून फक्त वेट ऐकायचं. आता चारही ठोक्यांची टेल सारख्या पातळीची वाटली पाहिजे. एखादी वर डोकावली तर त्याचा सेंड चुकलाय किंवा कुठेतरी पोस्ट-फेडर राहिलाय. त्यानंतर सगळ्या वाद्यांचा एक आखूड, जोरकस कॉर्ड आणि पुढे ४ सेकंद शांतता. या शांततेत सगळं उघडं पडतं: एका वाद्याची टेल आधी संपणं, डाव्या बाजूला लटकलेला रिव्हर्ब, खालच्या स्वरांची गुरगुर. शेवटी त्याच प्रकारच्या संगीताचं चांगलं ध्वनिमुद्रण आवाजाची पातळी जुळवून शेजारी लावायचं. पातळी न जुळवता केलेल्या तुलनेत मोठा असतो तो चांगला वाटतो.

त्या कॉर्डनंतर टेल उतरण्याऐवजी अर्धा क्षण वर उसळत असेल तर रिव्हर्बमध्ये शोधू नका. मास्टरवरचा कॉम्प्रेसर किंवा लिमिटर सैल होतोय. रिलीज लांब केल्याने भागत नसेल तर तो काढूनच टाका. टेल संपल्यावर एकदम निर्वात शांतता आली तर तीही खटकते. खऱ्या हॉलची हवा कधीच पूर्ण गप्प नसते. रिकाम्या खोलीचा ध्वनिमुद्रित आवाज उणे ७० डेसिबलच्या आसपास तुकडाभर चालू ठेवला की हा खटका जातो आणि सॅम्पलांचा सूं-सूं मधूनमधून उगवणं-मावळणंही झाकलं जातं.

निर्यात करताना शेवटच्या सुरानंतर किमान ५ सेकंद जागा सोडा. स्टेम्स (प्रत्येक गटाची वेगळी ऑडिओ फाइल) द्यायचे असतील तर टेल सामाईक बसवर असणं अडचणीचं ठरतं, कारण प्रत्येक स्टेमला त्याची स्वतःची टेल लागते. टेलच्या प्लगइनच्या चार प्रती एकाच सेटिंगने करायच्या आणि प्रत्येक गट आपापल्या प्रतीला जोडायचा, किंवा एकेक गट सोलो करून उतरवायचा. कॉन्व्होल्युशन असेल तर चारही स्टेम्सची बेरीज मूळ मिक्सशी तंतोतंत जुळते. मॉड्युलेशन असलेल्या अल्गोरिदमिक टेलमध्ये ती नमुन्यागणिक जुळत नाही, पण कानाला फरक पडत नाही. मास्टरवर कॉम्प्रेसर राहिला असेल तर मात्र बेरीज नक्की चुकते, तेव्हा स्टेम्स उतरवण्याआधी तो बंद आहे ना, ते बघून घ्या.